हिराबाईंच्या माडीवरची हवा

अंधेरी पश्चिमेला, मुलांच्या एका इस्पितळाच्या समोरच्या गल्लीत आमचं दुकान. तिथल्या काउंटरमागे मी चोवीस वर्षं उभी होते. चाकाची खुर्ची, वॉकर, बाळाचा वजनकाटा, दम्याचं औषध वाफेतून द्यायचं मशीन, गरम पाण्याची पिशवी, कमरेचा पट्टा, असं सगळं आमच्याकडे मिळायचं. औषधं मात्र आम्ही ठेवत नव्हतो.

या धंद्याची एक गंमत आहे. कमरेचा पट्टा सोडला तर गिऱ्हाईक सहसा स्वतःसाठी येत नाही. आजारी माणूस घरी असतो आणि दुकानात येतो तो त्याच्यावर जीव असलेला माणूस. तो घाबरलेला असतो, त्याची झोप झालेली नसते आणि रिकाम्या हाताने घरी जायचं नाही एवढंच त्याच्या डोक्यात असतं. अशा माणसाला काहीही विकता येतं. हे कळायला मला चार महिने लागले. त्याची भीती वाटायला मात्र बरीच वर्षं गेली.

ह्युमिडिफायर आमच्या दुकानात तसा उशिरा आला. खोलीतली हवा ओलसर ठेवणारं हे मशीन. टाकीत पाणी भरायचं, बटण दाबायचं, की वरून धुक्यासारखा फवारा निघतो. लोक त्याला काय काय म्हणायचे! कुणी 'धुराचं मशीन', कुणी 'वाफेवालं', आणि टाकीला सोंडेचा आकार होता म्हणून बरेच जण नुसतं 'ते हत्तीवालं'. आमचे शेठ, हसमुखभाई, पहिली पेटी उघडली तेव्हा खूश झाले होते. मी म्हटलं, "शेठ, मुंबईत हवा ओली करायचं मशीन? आपल्याकडे डब्यातलं मीठसुद्धा ओलं होतं."

शेठ म्हणाले, "नीलाबेन, एसी कोणी विकला? आपण नाय विकला. एसी हवा सुकवते, तर आपण ओली करायची. बिझनेस छे."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बाळ झालं की घरात आधी एसी लागतो. तो अठरावर चालतो, खिडक्या बंद होतात, आणि मग बाळाचं नाक सुकतं, चोंदतं, बाळ दूध ओढता ओढता रडायला लागतं. डॉक्टर म्हणतात, हवा फार कोरडी करू नका. आणि बाप तडक आमच्या पायऱ्या चढतो.

या मशीनचे दोन प्रकार आम्ही ठेवायचो. एकात पाणी उकळून गरम वाफ निघते. ते मी बाळाच्या खोलीसाठी कधीच दिलं नाही, कारण वायरीला हिसका बसून मशीन कलंडलं तर उकळतं पाणी कुणाच्या अंगावर जाईल ते सांगता येत नाही. दुसरं गार फवाऱ्याचं. त्यात भाजण्याची भीती नसते, पण पाण्यात जे असेल ते सगळं ते हवेत उडवतं. चारकोपच्या एका गृहस्थांनी नातवासाठी तेच नेलं आणि आठवड्यात तावातावाने परत आले. "ताई, तुमचं मशीन पीठ उडवतंय. माझा टीव्ही पांढरा झाला!" मी विचारलं, पाणी कुठलं भरता? तर सोसायटीच्या बोअरचं. त्या पाण्यातला क्षार घरभर पसरला होता. मी म्हटलं, "टीव्ही पुसता येतो हो काका, नातवाची छाती कशी पुसणार?" डिस्टिल्ड वॉटर कुठे मिळतं ते मी कागदावर लिहून दिलं.

असं मला सगळं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला समजावणं मला येत होतं, त्याचा थोडा गर्वही होता. म्हणूनच हिराबाईंची गोष्ट सांगताना आजही मला जरा अवघडायला होतं.

मार्च महिना होता. दुपारचा एक वाजला असेल. दुकानाच्या पायरीवर एक कोळीण येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची, अंगाने उंच, लुगडं घट्ट कसलेलं, केसांत अबोलीचा गजरा, पायाशी रिकामी पाटी. मासळी विकून थेट आली होती. आत काही येईना.

"या ना मावशी, आत या."

"नको गो. वास येल तुज्या दुकानात." त्यांची बोली मला नीट लिहिता येणार नाही, कानात राहिली तशी लिहिते. "बालाच्या खोलीतली हवा ओली करनारा मशीन हाय ना? ता दे."

मी बोलत बोलत माहिती काढली. बाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या, नाव हिराबाई. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली होती. प्रणाली बँकेत नोकरीला, सासर मुलुंडला, नवरा इंजिनिअर. बाळ मुलगी, दोन महिन्यांची, दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच आलेली, म्हणून हाडापेराने बारीक. जावयाच्या घरी एसी आहे म्हणून हिराबाईंनी मुलगी यायच्या आधी आपल्या माडीवरच्या खोलीत नवा एसी बसवून घेतला होता. आता बाळाचं नाक चोंदत होतं, आणि कुणीतरी या मशीनचं सुचवलं होतं.

मला हसू आलं. प्रेमानेच आलं, पण आलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही समुद्राला टेकून राहणार, आणि हवा ओली करायचं मशीन कशाला हवं तुम्हाला? तुम्हाला त्याची काही गरज नाही."

हिराबाईंचा चेहरा बदलला. त्या एक पायरी वर चढल्या.

"माना परवरनार नाय, असा वाटला तुना?"

"नाही हो मावशी, तसं नाही..."

"मंग? मुलुंडच्या बायेला असाच सांगतेस? तिला दाखवतेस ना चार-चार मशिना? सगल्यात मोठा हाय ता काढ."

मी इतकी खजील झाले की काय सांगू. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती माझ्याकडे बघत होती. खरं तर तेव्हाच मी त्यांना स्टुलावर बसवायला हवं होतं. मशीन कुठे ठेवायचं, पाणी कुठलं भरायचं, टाकी कधी धुवायची हे करून दाखवायला हवं होतं. पण मला वाटलं, आता आणखी एक शब्द बोलले तर बाईंना वाटेल ही मला अडाणी समजते. मी मुकाट्याने सर्वांत मोठं मशीन काढलं, चालू करून दाखवलं, माहितीपुस्तक आत घातलं आणि खोका त्यांच्या पाटीत ठेवला. पुस्तक इंग्रजीत होतं. हिराबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांनी पाटी डोक्यावर घेतली आणि ताठ मानेने गल्लीबाहेर पडल्या.

दहा-बारा दिवसांनी एक तरुण मुलगी दुकानात शिरली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. तिने पिशवीतून ते मशीन काढून काउंटरवर आदळलं.

"हे परत घ्या. आत्ताच्या आत्ता."

ही प्रणाली हे मला तिने सांगायच्या आधीच कळलं. मी टाकीचं झाकण काढलं आणि भपकन कापराचा वास आला. आतल्या कडांना बोट लावलं तर गिळगिळीत. तळाशी तेलाचा तवंग.

"यात काय घातलं होतं?"

"मला काय माहीत काय घातलं होतं! मी वर झोपलेली असायचे, पाणी आई भरायची. कापूर आणि निलगिरीचं तेल. सर्दीला बरं म्हणून! मी लहान असताना माझ्या उशाशी ठेवायची म्हणे." तिचा आवाज फाटला. "परवा दुपारी बाळाला श्वास घेता येईना. कुई कुई आवाज यायला लागला छातीतून. ओठ काळे पडले हो. मी रिक्षात बसून आले ते थेट समोरच्या इस्पितळात. दोन दिवस नाकाला ऑक्सिजन. आज सकाळी सोडलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान बाळाला कापराची वाफ देतात का कुणी? झटके आले असते."

शेठ आतून आले, त्यांनी टाकी हुंगली आणि म्हणाले, "बेन, आमी पण सॉरी आहे. पण तेल टाकायचं नाय, असं बुकमध्ये लिहिलेलं आहे."

"बुक!" प्रणाली म्हणाली. "माझ्या आईला बुक?"

शेठनी टाकीचं झाकण लावलं. मला तर तोंड वर करायची सोय नव्हती. मी विचारलं, "आई कशा आहेत?"

इतका वेळ चिडलेली ती मुलगी एकदम रडायला लागली. "आई जेवत नाही. चार शब्द बोलत नाही. बाळाला हात लावत नाही. मी म्हटलं, घे ना गं जरा, तर म्हणते, माझ्या हातात नको देऊ. मी तिला काही बोलले नाही हो. एकदाच ओरडले, रिक्षात."

ती गेल्यावर बराच वेळ मी ती टाकी हातात धरून उभी होते. प्रणाली परत आली म्हणून मला हे कळलं. जे नेऊन कधी परत आलेच नाहीत, त्यांच्या घरात काय झालं असेल? चार-पाच चेहरे डोळ्यांसमोर आले. ज्यांना मी घाईत, दिवाळीच्या गर्दीत, कंटाळा आला म्हणून नुसता खोका बांधून दिला होता, ते सगळे. त्यांचे पत्ते माझ्याकडे नव्हते. हिराबाईंचा मी प्रणालीकडून घेतला होता.

सोमवारी दुकानाला सुट्टी. मी शेठना आदल्या दिवशीच सांगून एक लहान मशीन आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं तळहाताएवढं मीटर घेतलं आणि वेसाव्याला गेले. शेठ कुरकुरले, पण पिशवी त्यांनीच भरून दिली.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील, आणि मधोमध हिराबाईंचं माडीचं घर. त्या खालच्या खोलीत जमिनीवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होत्या. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

"मशीन न्यायला आलीस?"

"नाही मावशी. ते प्रणाली देऊन गेली. मी तुम्हाला भेटायला आले."

"माना कशाला भेटतेस?" हात थांबेनात. "माज्या हातान झाला सगला. माना कलला नाय गो. माज्या पोरीला चालला, तिच्या पोरीला पन चालेल, असा वाटला."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "मावशी, तुम्हाला कळलं नाही, पण मला कळत होतं. तेल घालायचं नाही, पाणी रोज बदलायचं, हे सगळं मला पाठ आहे. रोज दहा जणांना सांगते. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही रागावलात आणि मी घाबरले, म्हणून गप्प बसले. चूक माझी आहे."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाल्या, "मी पन लय तोंड टाकला तुज्यावर."

"टाकलंत खरं."

त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मी तेवढ्यावर उठले आणि म्हटलं, "चला वर. मला खोली दाखवा."

"मी नाय येत."

"मग मी एकटीच जाऊन तुमच्या खोलीला नावं ठेवते."

त्या उठल्या.

खोली स्वच्छ होती, झकास रंगवलेली. एसी अठरावर. बाळ पलंगावर दुपट्यात, शेजारी प्रणाली. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या. मी विचारलं, या कशाला? प्रणालीने सांगितलं, "मुलुंडहून सासूबाई येतात ना बघायला. खालच्या सुक्या मासळीचा वास वर येऊ नये म्हणून."

मशीन कुठे ठेवलं होतं? बाळाच्या उशाला, वीतभर अंतरावर, फवारा थेट तोंडाकडे. भिंतीला हात लावला तर त्या बाजूचा रंग फुगला होता आणि पलंगामागे काळे ठिपके धरले होते. बुरशी. आठ-दहा दिवस ते मोठ्या हॉलसाठीचं मशीन या दहा बाय दहाच्या बंद खोलीत धुकं सोडत होतं.

मी मीटर काढलं. "मावशी, आकडे येतात ना?"

"आकडं नाय आलं तर धंदा कसा केला असता?"

"वाचा मग."

"अडतीस."

"ही एसी अठरावरची हवा. चाळिसाच्या खाली गेली की कोरडी. बाळाचं नाक त्यानेच सुकत होतं." मी रिमोट घेऊन एसी सव्वीसवर नेला. प्रणालीला म्हटलं, आपण चहा पिऊ. चहा होईपर्यंत हिराबाई मीटरसमोरून हलल्या नाहीत. "एक्केचालीस... चव्वेचालीस गो... सत्तेचालीस." मग मी एसी बंद केला, चिकटपट्ट्या ओढून काढल्या आणि खिडकी उघडली. समुद्रावरचा वारा आत आला, सोबत बोंबलांचा वासही आला. थोड्या वेळाने हिराबाईंनी वाचलं, "चौसष्ट!" आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे खिरकीच उघरायची होती?"

"हेच तर मी पायरीवर सांगत होते तुम्हाला. सांगायची पद्धत चुकली."

यावर मात्र त्या खळखळून हसल्या. प्रणालीही हसली. मग मला म्हणाली, "पण दुपारी उकडतं हो. एसी लागतोच."

"लावा ना. पंचवीस-सव्वीसवर लावा. डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला. आणि तरीही मीटर चाळिसाच्या खाली गेलं, तरच हे." मी लहान मशीन काढलं. "आणि पन्नास झालं की बंद. काचेवर पाणी धरलेलं दिसलं की बंद. आणि भिंतीवरचे ते ठिपके आधी घासून, रंगवून घ्या. तोवर बाळ पलंगाच्या त्या बाजूला नको."

मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाशेजारच्या उंच टेबलावर ठेवलं. वायर मागून नेली. प्रणाली म्हणाली, "अहो, ही अजून कुशीवरही वळत नाही." मी म्हटलं, "वळेल. मग रांगेल, आणि रांगणारं बाळ सगळ्यांत आधी वायर ओढतं." फवाऱ्याचं तोंड वर, पलंगाच्या उलट दिशेला केलं. पाण्याशिवाय त्यात काहीही नाही. कापूर नाही, ओवा नाही, अत्तर नाही. पाणीसुद्धा डिस्टिल्ड.

"आणि उरलेलं रोज ओतून द्यायचं. टाकी विसळून, पुसून, उपडी घालायची. आठवड्यातून एकदा व्हिनेगर आणि पाण्याने धुवायची, वास जाईपर्यंत खळबळायची."

"रोज ओतायचा?" हिराबाईंना ते पटेना. "पानी काय नासतंय?"

मी विचारलं, "मावशी, कालची मासळी आज ताजी म्हणून द्याल गिऱ्हाइकाला?"

"मेली तरी नाय देनार!"

"मग कालचं पाणी नातीला का द्यायचं?"

त्यांनी पुढे होऊन टाकी उचलली, माझ्याकडून झाकण घेतलं आणि दोनदा उघडून लावून बघितलं. मी एकदा सांगितलेलं सगळं त्यांनी मला परत म्हणून दाखवलं, एकही गोष्ट न विसरता. त्या दिवशी मला कळलं की समजावणं म्हणजे आपलं बोलून होणं नव्हे, समोरच्याने ते आपल्याला परत सांगणं. त्यानंतर दुकानात मी कुणालाही, अगदी मोठ्या डॉक्टरच्या बायकोलासुद्धा, टाकी स्वतःच्या हाताने उघडून दाखवल्याशिवाय मशीन नेऊ दिलं नाही. आणि मीटर न घेता मशीन मागणाऱ्याला आधी नुसतं मीटर दिलं. अर्धी माणसं चार दिवसांनी येऊन म्हणायची, ताई, मशीनची गरज नाही. शेठ कपाळाला हात लावायचे, पण मला त्यांनी कधी अडवलं नाही.

माडीवर इतका वेळ शांत असलेलं बाळ आता कुरकुरायला लागलं. प्रणालीने त्याला उचललं, थोपटलं, पण ते काही राहीना.

"आई, घे ना हिला. माझी पाठ गेलीय."

हिराबाई दाराकडे सरकल्या. "नको. माज्या हाताला वास हाय."

"मासळीचा की कापराचा?" प्रणालीने विचारलं.

हिराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, बघ माझ्याकडे. मी रिक्षात ओरडले ती घाबरून ओरडले. तुझ्या हातात वाढलेय ना मी? मग ही कुणाच्या हातात वाढणार? मला पुढच्या महिन्यात बँकेत जायचंय. तू नाही घेतलंस तर वाट लागेल माझी."

मी टाकी पुसायच्या निमित्ताने पाठ केली. मागे पावलं वाजली, मोरीतला नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. हिराबाई कोपरापर्यंत हात घासून आल्या, पदराला पुसले, पुन्हा हुंगून पाहिले, आणि पलंगावर मांडी घालून बसल्या. प्रणालीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी वाकून बाळाच्या छातीला कान लावला. किती वेळ लावला होता कोण जाणे. मग हळूहळू मांडी हलायला लागली आणि त्या काहीतरी पुटपुटत डुलायला लागल्या.

बाळाची कुरकुर थांबली आणि त्याचा डोळा लागला. प्रणाली तिथेच आडवी झाली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.

मी मशीनचा प्लग काढला, पिशवी उचलली आणि म्हटलं, "येते मी मावशी. काही लागलं तर..."

हिराबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मोठे केले आणि अगदी हळू आवाजात मला दटावलं, "जा गो आता. उठवशील माज्या पोरींना."